दुकान, कार्यालय, गोदामासाठी एलईडी: मोजणीपासून जोडणीपर्यंत

एलईडी लावूनही बिल म्हणावं तसं उतरलं नाही, ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते आणि दोष बहुतेक वेळा दिव्याचा नसतो. जितक्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या होत्या तितक्याच नव्या लागतात. जिथे उजेडाची गरज नव्हती तिथेही लागतात. शिवाय ‘एलईडीच आहे, किती खातोय’ म्हणून रात्रभर चालू राहतात. कुठे किती उजेड हवा हे ठरवलं आणि नको तेव्हा तो बंद होईल अशी सोय केली, तरच पुरती बचत हाती लागते. म्हणून खरेदी शेवटी आणि मोजणी आधी.

पहिलं काम: जे आहे ते मोजा

एक तक्ता करा. प्रत्येक खोलीपुढे फिटिंगचा प्रकार, संख्या, प्रत्यक्ष खपणारे वॅट, रोजचे तास आणि छताची उंची लिहा. ‘प्रत्यक्ष खपणारे’ हा शब्द महत्त्वाचा. ३६ वॅटची चार फुटी ट्यूब तांब्याच्या चोकवर असेल तर चोकसकट ४४ ते ४६ वॅट घेते. ४०० वॅटचा मेटल हॅलाइड (गोदामात, कारखान्यात उंचावर लावतात तो जुना दिवा) चोक धरून ४४० च्या आसपास जातो. नुसता दिव्यावर छापलेला आकडा धरला तर बचतीचा हिशेब सुरुवातीलाच चुकतो.

मग लक्स मीटर, म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्स या एककात मोजणारं उपकरण, घ्या. फोनमधल्या अ‍ॅपवर विसंबू नका. ‘इथे जास्त, तिथे कमी’ एवढं सांगायला ते ठीक आहे, पण आकडा ठरवायला नाही. अंधार पडल्यावर किंवा पडदे पूर्ण ओढून मोजा. जुने दिवे लावून वीस मिनिटं थांबा, कारण ट्यूब आणि मेटल हॅलाइड तापल्याशिवाय पूर्ण उजेड देत नाहीत. मीटर टेबलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून ७५-८० सेंटिमीटरवर धरा आणि आपली सावली त्यावर पडू देऊ नका. दिव्याच्या बरोबर खाली एकदाच मोजून सोडून देण्याची चूक फार होते. खोलीचे सारखे चौकोन पाडून प्रत्येकाच्या मध्यावर मोजा. सरासरी आणि सर्वांत कमी, दोन्ही आकडे लिहा. कामाच्या जागी सर्वांत कमी आकडा सरासरीच्या ६० टक्क्यांखाली नसावा.

लक्ष्य ठरवताना हे आकडे चालतात: लिहिण्या-वाचण्याचं किंवा संगणकावरचं काम ५०० लक्स, पॅकिंग ३००, येण्याजाण्याचे बोळ १००, माणसं सतत वावरतात असं गोदाम २००, नुसता माल पडून असतो असं १००, बारीक तपासणी ७५० ते १०००. पूर्ण मजल्यावर ५०० लक्स पाडायची गरज नसते. टेबलांवर ५००, त्यांच्या लगत ३००, मधल्या वाटेवर १०० ते १५० असं वाटलं की दिव्यांची संख्या आपोआप घटते.

दिवे किती? हिशेब कागदावर

सूत्र साधं आहे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा उजेड. लागणारे ल्युमेन = लक्स × क्षेत्रफळ ÷ (वापर गुणांक × देखभाल गुणांक). वापर गुणांक म्हणजे दिव्यातून निघालेल्या उजेडापैकी किती कामाच्या पातळीवर पोचतो ते. पांढरं छत आणि फिकट भिंती असतील तर ०.६ धरा, गडद भिंती, उंच छत असेल तर ०.४ ते ०.५. धूळ बसणं आणि दिवा मंदावणं यांसाठी देखभाल गुणांक ०.८ धरतात, पिठाची गिरणी किंवा सुतारकाम असेल तर ०.७.

१२ मीटर × ८ मीटरचं कार्यालय घ्या. ५०० × ९६ = ४८,०००. त्याला ०.६ × ०.८ म्हणजे ०.४८ ने भागलं की १,००,००० ल्युमेन. दोन फूट बाय दोन फुटांचं ३६ वॅटचं पॅनेल चांगल्यापैकी असेल तर ४,००० ल्युमेन देतं. म्हणजे २५ पॅनेल, एकूण ९०० वॅट. याच खोलीत टेबलं एका बाजूलाच असतील तर १६-१७ पॅनेलमध्ये भागतं. भिंतींना नवा पांढरा रंग दिला तर त्यातूनही एक-दोन कमी होतात. रंगकाम आणि दिवे एकाच वेळी काढायचे असतील तर रंगकाम आधी करा, मग मोजा.

युनिटचा हिशेबही इथेच होतो. चोकवरच्या ६० ट्यूब, प्रत्येकी ४५ वॅट. त्या जागी १८ वॅटच्या लागल्या तर फरक २७ × ६० = १,६२० वॅट. रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे ३,००० तास. बचत ४,८६० युनिट. याला आपल्या युनिटच्या दराने गुणा आणि दिवे व मजुरी मिळून झालेल्या खर्चाला त्या रकमेने भागा. किती वर्षांत पैसे सुटतात ते कळतं. ज्या खोलीत दिवा दिवसाला तासभरच लागतो तिथे हा आकडा फार लांबतो. अशा खोल्या सरळ शेवटी ठेवा.

खोक्यावर काय वाचायचं

वॅट पाहून दिवा घेऊ नका. ल्युमेन पाहा आणि ल्युमेनला वॅटने भागा. ट्यूब व पॅनेलला वॅटमागे १०० ते १२०, हायबेला (उंच छताला टांगायचा दिवा) १३० ते १५० ल्युमेन मिळाले पाहिजेत. ८० च्या खाली असेल तर तो माल जुना किंवा हलका आहे.

रंगाचं तापमान केल्व्हिनमध्ये असतं. २७०० ते ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. ६५०० चा दिवा जास्त उजेड देतो ही समजूत फार चिवट आहे. ल्युमेन सारखे असतील तर लक्स मीटरवर ४००० आणि ६५०० दोन्हींचा आकडा सारखाच येतो, फक्त डोळ्याला ६५०० चा उजेड कडक वाटतो. कार्यालयाला ४००० बरा पडतो. एकाच हॉलमध्ये दोन रंग मात्र चुकूनही मिसळू नका.

सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा अंक. कामाच्या जागी ८० पुरतो. कापड, रंग, फळं, मांस, दागिने विकत असाल तर ९० च्या वर घ्या आणि सोबत ‘आर९’ हा गडद लाल रंगाचा अंकही विचारा. सीआरआयची सरासरी पहिल्या आठ फिक्या रंगांवरून काढतात, त्यात आर९ येतच नाही. म्हणून ८० सीआरआयच्या दिव्याखाली मरून साडी तपकिरी दिसते, गिऱ्हाईक ती दाराशी नेऊन उन्हात बघतं, आणि विक्रेत्याला वाटतं की माल आवडला नाही.

आयुष्याचा आकडा जपून वाचा. ‘५०,००० तास’ म्हणजे तेवढ्या तासांनी दिवा जातो असं नाही. उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येतो असा त्याचा अर्थ. तोही चाचणीवरून पुढे ताणलेला अंदाज असतो. ६,००० तासांची चाचणी केली असेल तर नियमाप्रमाणे जास्तीत जास्त सहापट, म्हणजे ३६,००० तासांपर्यंतच दावा करता येतो. आणि ही चाचणी एलईडी चिपची असते, ड्रायव्हरची, म्हणजे चिपला ठरावीक प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटची, नाही. व्यवहारात बंद पडतो तो ड्रायव्हरच. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य दुप्पट होतं. म्हणून हमीपत्रात ड्रायव्हर वेगळा नमूद आहे का आणि तो स्वतंत्रपणे बदलता येतो का, हे विचारा. ज्यात ड्रायव्हर आत चिकटवलेला असतो, तिथे दहा मिनिटांच्या कामासाठी अख्खी फिटिंग फेकावी लागते.

बाकीचं थोडक्यात: पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते त्याचा अंक) ०.९ च्या वर, हार्मोनिक (प्रवाहाच्या लहरीतली विकृती) २० टक्क्यांच्या आत, सर्ज (व्होल्टेजची क्षणिक उसळी) सहनशक्ती घरात किमान २.५ किलोव्होल्ट आणि कारखान्यात किंवा उघड्यावर ४ ते १०. धूळ-पाणी असेल तिथे आयपी६५, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारी फिटिंग. टेबलावर बसून काम करणाऱ्यांसाठी चकाकीचा अंक, म्हणजे यूजीआर, १९ च्या आत.

जागेप्रमाणे दिवा

गोदामात रॅकमधल्या वाटेवर १२० अंशांचा पसरट हायबे लावला की अर्धा उजेड रॅकच्या माथ्यावर वाया जातो आणि खालच्या खणातलं लेबल वाचता येत नाही. तिथे लांबट झोताची लेन्स, साधारण ३० बाय ९० अंशांची, घ्या आणि लांब बाजू वाटेच्या दिशेने ठेवा. मोजताना मीटर जमिनीवर आडवा नको, लेबलाच्या पातळीवर उभा धरा. ४०० वॅटच्या मेटल हॅलाइडच्या जागी १५० ते २०० वॅटचा एलईडी बहुधा पुरतो.

शीतगृहात एलईडीचा फायदा दुहेरी असतो. थंडीत फ्लुओरेसंट ट्यूब फडफडते, मंद जळते. एलईडीला थंडी मानवते. शिवाय खोलीत खपलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होतो आणि ती बाहेर काढायला कॉम्प्रेसर चालतो. यंत्रणेचा सीओपी (विजेच्या एका वॅटमागे किती वॅट उष्णता बाहेर काढते तो अंक) २ असेल तर दिव्यात वाचलेल्या १०० वॅटमागे कॉम्प्रेसरचे ५० वॅट आणखी वाचतात. दिव्यांचं बजेट तोकडं असेल तर सुरुवात शीतगृहापासून करा. अन्नपदार्थांच्या जागी काचेची नळी नको, पॉलिकार्बोनेटची घ्या.

यंत्रशाळेत दिव्याच्या झगमगीपासून (फ्लिकर) जपा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. चार जबड्यांचा लेथ चक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला २५ फेऱ्या होतात. म्हणजे दर झगमगीला चक बरोबर पाव फेरी पुढे जातो. प्रत्येक जबडा आधीच्याच्या जागी दिसतो आणि फिरता चक थांबल्यासारखा भासतो. हात तिथे जाऊ शकतो. तीन जबड्यांच्या चकला हेच २००० फेऱ्यांवर होतं. ‘फ्लिकर-फ्री’ या छापील शब्दावर न जाता नमुन्याच्या दिव्याखाली फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने चित्रण करा. पट्टे किंवा ठोके दिसले की तो दिवा यंत्राजवळ लावू नका.

दुकानात सगळीकडे सारखा लखलखाट केला की काहीच उठून दिसत नाही. साधारण उजेड ३०० लक्स ठेवा आणि मांडलेल्या मालावर त्याच्या तीन ते पाचपट पाडा. त्यासाठी २४ ते ३६ अंशांच्या झोताचे ट्रॅक स्पॉट (छताच्या रुळावर सरकवता येणारे दिवे) लागतात. ते उभ्या रेषेपासून ३० ते ३५ अंश तिरके ठेवा. त्याहून तिरके केले तर ते समोरच्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जातात.

फळ्यांखालच्या आणि पाटीतल्या स्ट्रिपमध्ये सगळा घोळ व्होल्टेज पडण्याचा असतो. मीटरला १४.४ वॅटची १२ व्होल्टची स्ट्रिप पाच मीटर जोडली की ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर, तिच्या पातळ तांब्यातून जातात. शेवटचा मीटर साहजिकच पिवळट आणि मंद दिसतो. २४ व्होल्टची घेतली की प्रवाह ३ अँपिअरवर येतो. लांबी जास्त असेल तर दोन्ही टोकांनी पुरवठा द्या. पॉवर सप्लाय ८० टक्क्यांपर्यंतच भरा: ७२ वॅटला १०० वॅटचा. आणि स्ट्रिप ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्येच चिकटवा. लाकडावर थेट चिकटवलेली तापते, डिंक सोडते आणि लवकर काळवंडते.

जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब: जोडणी

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण तो काय करतोय ते आपल्यालाही कळायला हवं.

१. एमसीबी (बोर्डातला सर्किट तोडणारा स्विच) खाली करा, तिथे सूचना लटकवा, पट्टीवर टेस्टर लावून खात्री करा.

२. घ्यायच्या ट्यूबला पुरवठा एका टोकाने आहे की दोन्ही टोकांनी, ते तिच्यावरच्या आकृतीत पाहा. एका टोकाच्या ट्यूबला फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच टोकाच्या दोन पिनांवर लागतात. दोन टोकांच्या ट्यूबला एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल.

३. चोक, स्टार्टर आणि पट्टीतला कपॅसिटर काढा. कपॅसिटर हमखास विसरला जातो. तो चोकचा पॉवर फॅक्टर सुधारण्यासाठी होता. चोक गेल्यावर तो उलटा त्रास देतो आणि साठ पट्ट्यांत साठ राहिले तर लीडिंग (प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावणारा) पॉवर फॅक्टर मीटरवर दिसतो.

४. होल्डर तपासा. इलेक्ट्रॉनिक चोकच्या काही पट्ट्यांत होल्डरच्या दोन्ही पिना आतून जोडलेल्या असतात. तिथे एका टोकाची ट्यूब लावली की फेज-न्यूट्रल थेट शॉर्ट. मल्टिमीटरने सलगता पाहा. जोडलेल्या निघाल्या तर होल्डर बदला. पिवळे पडून ठिसूळ झालेले होल्डरही बदला.

५. जोडणी करा. धातूच्या पट्टीला अर्थिंग द्या. स्विच फेजवर आहे ना ते पाहा.

६. पट्टीवर ‘फक्त एलईडी, चोक काढला आहे’ असं लेबल चिकटवा. ते नसलं तर दोन वर्षांनी कुणीतरी कपाटातली जुनी ट्यूब काढून त्यात बसवेल.

चोक तसाच ठेवून नुसता स्टार्टर बदलायची पद्धतही आहे. ती पटकन होते, पण प्रत्येक पट्टीमागे चोकचे काही वॅट कायम जात राहतात आणि चोक बिघडला की पुन्हा शिडी. कमी दिवसांसाठी भाड्याने घेतलेली जागा असेल तरच ती पत्करावी.

आपत्कालीन बॅटरीची पट्टी असेल तर ती या कामातून वगळा. तिच्यातली बॅटरी-यंत्रणा जुन्या ट्यूबसाठी बनवलेली असते. एलईडीची स्वतंत्र आपत्कालीन फिटिंग घ्या आणि वीज तोडून ती ठरलेला वेळ जळते का ते पाहा.

सेन्सर आणि मंद करणं

शौचालय, भांडार, बैठकीची खोली, रॅकची वाट या जागी सेन्सर सर्वांत लवकर पैसे फेडतो. पीआयआर सेन्सरला शरीराची उष्णता हलताना थेट दिसावी लागते; आडोसा आला की तो आंधळा. मायक्रोवेव्ह सेन्सर काच आणि पातळ पार्टिशनच्या पलीकडचंही टिपतो. त्यामुळे बाहेरच्या बोळातून कुणी गेलं तरी आतली खोली उजळते. संवेदनशीलता कमी करून बघा. बंद होण्याची वेळ १० ते १५ मिनिटं ठेवा. दोन मिनिटांवर ठेवली तर बसून काम करणारी माणसं हात हलवत राहतात आणि आठवड्याभरात सेन्सरवर चिकटपट्टी लागते.

एलईडी ड्रायव्हरचा नेहमीचा प्रवाह अँपिअरच्या आत असला तरी चालू होताना काही शे मायक्रोसेकंद तो ४०-५० अँपिअरपर्यंत उसळू शकतो. वीस हायबे एकाच एमसीबीवर एकदम लागले की ती विनाकारण पडते आणि साध्या सेन्सरचा रिले (दिवा चालू-बंद करणारा आतला स्विच) चिकटून बसतो. बी ऐवजी सी प्रकारची (चालू होतानाची उसळी जास्त सोसणारी) एमसीबी वापरा, ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात दिलेली ‘एका एमसीबीवर इतके’ ही संख्या पाळा आणि झीरो-क्रॉसिंगला, म्हणजे व्होल्टेज शून्यावर असतानाच, चालू होणारा रिले असलेला सेन्सर घ्या.

मोठ्या मजल्याला डाली (एकाच तारजोडीवरून प्रत्येक दिव्याला वेगळा आदेश देणारी डिजिटल) पद्धत सोयीची. एका बसवर ६४ पत्ते, १६ गट, १६ दृश्यं (आधीच ठरवून ठेवलेल्या उजेडाच्या पातळ्या). खिडकीजवळची रांग वेगळ्या गटात टाका, म्हणजे दिवसा तीच रांग मंद करता येते. लहान जागेला एवढ्या खटाटोपाची गरज नसते. खिडकीकडच्या दिव्यांना वेगळं बटण दिलं तरी पुष्कळ.

बिघाड आणि त्यांची मुळं

एकाच दिवशी दहा-बारा दिवे गेले तर दिव्यांना दोष देण्याआधी न्यूट्रल तपासा. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सैल झाला की कमी भाराच्या फेजवर २३० व्होल्टऐवजी ४०० च्या दिशेने व्होल्टेज चढतं आणि ड्रायव्हर फटाफट जातात. बोर्डातले न्यूट्रलचे स्क्रू नवे दिवे लावतानाच आवळून घ्या. तिसरा हार्मोनिकही न्यूट्रलमध्ये वजा न होता बेरीज होत जातो, म्हणून न्यूट्रल फेजपेक्षा बारीक ठेवू नका.

स्विच बंद करूनही दिवा मंद जळत राहतो, त्याची कारणं साधारण तीन: स्विच न्यूट्रलवर आहे, स्विचमध्ये इंडिकेटर आहे किंवा लांब केबलमध्ये शेजारच्या तारेतून थोडा प्रवाह झिरपतो. पहिली दोन दुरुस्त करा. तिसऱ्यासाठी दिव्याला समांतर स्नबर (रोधक आणि कपॅसिटरची छोटी जोडी) लावतात.

नव्या वायरिंगची ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणारं मीटर) चाचणी करायची असेल तर ड्रायव्हर आधी सोडवा. चाचणीच्या नादात नवे कोरे ड्रायव्हर उडाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

फॉल्स सीलिंगमध्ये डाउनलाइटवर काचलोकर (ग्लासवूल) किंवा इन्सुलेशन टाकू नका, ड्रायव्हर गुदमरतो. रबर कारखान्यासारख्या ठिकाणी हवेत गंधक असतं. ते चिपमधल्या चांदीच्या थराला काळं करतं आणि दिवा वर्षा-दोन वर्षांत निस्तेज होतो. तिथे गंधकरोधक आणि बंदिस्त फिटिंग मागून घ्या.

ऑर्डर देण्याआधी आणि काम झाल्यावर

एक खोली नमुना म्हणून करा. पंधरा दिवस वापरा, तिथे बसणाऱ्यांना विचारा, पुन्हा लक्स मोजा, ड्रायव्हर हाताला किती तापतो ते पाहा. मग उरलेली ऑर्डर एकाच बॅचची घ्या आणि शंभरामागे तीन-चार जास्त घेऊन ठेवा. दोन वर्षांनी त्याच मॉडेलचा नवा दिवा आणला तरी त्याची छटा जुन्यांमध्ये वेगळी उठून दिसते. लावल्याची तारीख मार्करने फिटिंगच्या मागे लिहा, बिल आणि बॅच क्रमांक एकत्र ठेवा. हमीच्या वेळी हेच मागतात.

दर सहा महिन्यांनी दिवे बंद करून, गार झाल्यावर, किंचित ओल्या मऊ फडक्याने कव्हर आणि मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्या पुसा. पात्यांवरचा धुळीचा थर उष्णता धरून ठेवतो.

काढलेल्या जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्या फोडू नका, कचऱ्यात टाकू नका. नव्या ट्यूब ज्या लांब खोक्यांतून आल्या त्याच खोक्यांत भरून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा, पंधरा मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे गोळा करा, बारीक पूड चिकटपट्टीने उचला. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर नको. त्याने पारा हवेत पसरतो.